कर्जाच्या बैठकीसाठी उत्पादक कंपनीची तयारी

शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आता जिल्ह्याजिल्ह्यांत दिसू लागल्या आहेत. अर्थशास्त्रज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली व किमान दहा उत्पादकांना एकत्र येऊन अशी कंपनी स्थापन करण्याची सोय झाली. पुढे २०२० मध्ये केंद्र शासनाने दहा हजार नव्या शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना हाती घेतल्यावर त्यांची संख्या आणखी वाढली. प्रारंभी बियाणे व खते एकत्रित खरेदी करणे, सभासदांचा माल गोळा करून विकणे अशी कामे या कंपन्या करतात. त्यात थोडा जम बसला की आपले स्वतःचे गोदाम असावे, चाळणी यंत्र असावे, डाळ मिल असावी, असा विचार सभासदांत सुरू होतो. आणि तेथे भांडवलाचा प्रश्न उभा राहतो. मग एके दिवशी बँकेचे कर्ज अधिकारी कंपनीच्या संचालकांना बैठकीस बोलावितात, किंवा स्वतःच गावी येतात. या अर्ध्या-पाऊण तासात कंपनीने आपली योजना कशी मांडावी, आणि त्यासाठी अगोदर कोणती तयारी करावी, याचा विचार येथे केला आहे.

बाहेरचा पैसा कोणत्या वाटेने येतो

कित्येक संचालकांची अशी समजूत असते की, एखादा धनिक किंवा व्यापारी कंपनीत भांडवल घालील व त्या बदल्यात भाग घेईल. उत्पादक कंपनीच्या बाबतीत हे शक्य नाही. तिचे भाग केवळ उत्पादक सभासदांनाच घेता येतात व ते बाहेरच्या माणसास विकता येत नाहीत. व्यक्ती सभासद असलेल्या कंपनीत भाग कितीही असले तरी प्रत्येकास एकच मत असते. शेतकऱ्यांची कंपनी शेतकऱ्यांच्याच हाती राहावी यासाठी कायद्याने घातलेले हे कुंपण आहे. तेव्हा "आम्ही तुमच्या कंपनीत निम्मी भागीदारी घेतो" असे म्हणत कोणी आले तर त्याचे म्हणणे कायद्यात बसत नाही, हे कार्यकर्त्यांनी संचालकांच्या वेळीच नजरेस आणावे.

तेव्हा बाहेरचा पैसा येतो तो मुख्यतः कर्जाच्या रूपाने, आणि काही प्रमाणात शासकीय साहाय्याच्या रूपाने. कर्ज देणाऱ्यास कंपनीच्या नफ्यात वाटा नसतो. कंपनीने फार मोठा नफा मिळविला तरी त्याला व्याजापलीकडे काही मिळावयाचे नाही. कंपनी बुडाली तर मात्र त्याचे मुद्दल बुडते. बँकेचा अधिकारी उज्ज्वल भविष्याच्या वर्णनाने फारसा का हलत नाही, याचे कारण हे होय. हप्ता वेळेवर येईल काय, आणि एखादे वर्ष वाईट गेले तर काय होईल, हे दोन प्रश्न त्याच्या मनात असतात. बैठकीची सारी तयारी या दोन प्रश्नांच्या उत्तरांसाठी करावयाची असते.

हिशेब अगोदर, भाषण मागाहून

पुष्कळ ठिकाणी तयारीचा आरंभ संगणकावरील रंगीत स्लाइडपासून होतो. प्रकल्प अहवाल कोणा सल्लागाराकडून करवून घेतलेला असतो, आणि संचालकांनी तो वाचलेला नसतो. ही रीत उलटी आहे. प्रथम संचालक मंडळाने एकत्र बसून साध्या कागदावर स्वतःचा हिशेब मांडावा. तो कसा मांडावयाचा हे समजण्यासाठी तुरीच्या डाळ मिलचे उदाहरण घेऊ. पुढील आकडे केवळ पद्धत दाखविण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येक कंपनीने आपल्या बाजारपेठेतील दर घालावेत. हिशेब सोपा राहावा म्हणून प्राप्तिकर व घसारा बाजूस ठेवले आहेत.

समजा, चारशे सभासदांच्या एका कंपनीने ६० लाख रुपयांची मिल उभारण्याचे ठरविले आहे. त्यांपैकी १५ लाख सभासदांचे व ४५ लाख कर्जाचे. तूर दारात येऊन पडते तेव्हा तिची किंमत क्विंटलला ७,५०० रुपये. शंभर किलो तुरीपासून ७२ किलो डाळ निघाली व ती ११० रुपये किलोने विकली, तर ७,९२० रुपये येतात. चुनी व भुसा मिळून २४ किलो, सरासरी २० रुपयांनी ४८० रुपये. एकूण ८,४००. म्हणजे क्विंटलमागे ९०० रुपयांचे अंतर पडले. वीज, मजुरी, तेल, बारदान व वाहतूक यांचे ४०० रुपये वजा जाता ५०० रुपये उरतात. वर्षाला ४,००० क्विंटल तूर भरडली तर २० लाख रुपये होतात. पगार, राखणदार, विमा, दुरुस्ती, हिशेब तपासणी यांसाठी ५ लाख धरले तर १५ लाख शिल्लक राहतात. कर्जाची परतफेड सहा वर्षांत व व्याज दहा टक्के धरल्यास पहिल्या वर्षी मुद्दलाचे साडेसात लाख व व्याजाचे साडेचार लाख, असे १२ लाख रुपये भरावे लागतील.

हप्ता भरण्यास उपलब्ध असलेल्या रकमेला वर्षाच्या एकूण हप्त्याने भागले म्हणजे जे गुणोत्तर येते, त्याला बँकेचे लोक डी. एस. सी. आर. म्हणतात. ते एक आले तर हप्ता कसाबसा भरला जातो, सव्वा आले तर थोडा श्वास घेण्यास जागा राहते, आणि दीडच्या आसपास असले म्हणजे अधिकारी साधारणतः समाधान मानतात. वरील हिशेबात १५ भागिले १२ म्हणजे सव्वा येते. योजना ठीक दिसते.

पण या हिशेबात एक मोठी रक्कम राहून गेली आहे. तूर विकत घेतल्यापासून डाळीचे पैसे हातात येईपर्यंत काळ जातो. पंधरा दिवस तूर मिलमध्ये, पंधरा दिवस तयार डाळ गोदामात, आणि डाळ नेणाऱ्या व्यापाऱ्याची उधारी तीस दिवसांची. असे साठ दिवस प्रत्येक रुपया अडकून पडतो. वर्षाची खरेदी तीन कोटींची. तीन कोटींवर दोन महिन्यांचे दहा टक्के दराने व्याज पाच लाख रुपये होते. ते वजा केले की हाती दहा लाख उरतात व हप्ता बारा लाखांचा आहे. गुणोत्तर सव्वावरून एकदम एकाच्या खाली उतरले! यंत्राच्या कर्जाची चर्चा सर्व जण करतात, खेळत्या भांडवलाची कोणीच करीत नाही. आणि डाळ मिली बंद पडतात त्या बहुधा खेळते भांडवल आटल्यामुळे, यंत्र बिघडल्यामुळे क्वचितच. ही चूक बँकेच्या अधिकाऱ्याने दाखवून देण्यापेक्षा संचालकांनी आपल्याच चावडीत शोधून काढलेली बरी.

अशा वेळी काही जण डाळीचा भाव ११० ऐवजी ११५ लिहून गुणोत्तर जुळवून आणतात. असे केल्याने कर्ज मिळेलही, पण हप्ता काही कागदावरील भावाने भरता येत नाही. हिशेब जुळत नसेल तर योजनाच बदलली पाहिजे. वरील कंपनीने नवी इमारत न बांधता गावातील एखादे जुने गोदाम दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतले व लहान यंत्र बसविले, तर खर्च ३६ लाखांत भागेल असे धरू. सभासदांचे १२ लाख, कर्ज २४ लाख. पहिल्या वर्षाचा हप्ता मुद्दलाचे चार लाख व व्याजाचे दोन लाख चाळीस हजार, म्हणजे ६ लाख ४० हजार. स्वतःची खरेदी २,००० क्विंटलच ठेवावी, आणि आणखी १,५०० क्विंटल तूर इतरांस मजुरीने भरडून द्यावी. मजुरी क्विंटलला ६०० रुपये व खर्च ३०० धरल्यास तेथे ३०० रुपये उरतात. तेव्हा स्वतःच्या खरेदीतून १० लाख व मजुरीतून साडेचार लाख मिळतील. त्यांतून भाड्यासह स्थिर खर्च ४ लाख व खेळत्या भांडवलाचे व्याज अडीच लाख गेले की ८ लाख उरतात. गुणोत्तर पुन्हा सव्वा येते. पण हे सव्वा खरे आहे. शिवाय मजुरीच्या कामात बाजारभावाचा धोका नाही, हे बँकेस मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

हंगामात मात्र एका वेळी किती रक्कम लागेल हेही काढावे. २,००० क्विंटलची खरेदी दीडशे दिवसांत होणार असेल तर साठ दिवसांचा माल ८०० क्विंटलचा होतो, म्हणजे ६० लाख रुपये. यंत्राच्या कर्जाच्या अडीचपट रक्कम! तीही बँकेकडे याच बैठकीत मागावयास हवी. मिल उभी राहिल्यावर तूर घेण्यास पैसा नाही, अशी अवस्था येऊ देऊ नये. उत्पादक कंपनीच्या कायद्यात एक सोय आहे. सभासदाच्या मालाच्या किमतीचा काही भाग कंपनीस राखून ठेवता येतो व तो मागाहून देता येतो. सभासदांनी किमतीचा पाचवा हिस्सा साठ दिवस कंपनीकडे राहू दिला तर साठ लाखांची गरज अठ्ठेचाळीस लाखांवर येते. तसा ठराव सभासदांच्या सभेत अगोदरच करून त्याची प्रत बैठकीत दाखविली, तर सभासद स्वतःही धोका पत्करण्यास तयार आहेत, याचा तो उत्तम पुरावा ठरतो.

भाव पडला तर

हा प्रश्न निघाल्याशिवाय राहत नाही, आणि तो रास्तही आहे. २०२४ मध्ये अनेक बाजारांत तूर क्विंटलला दहा हजारांवर गेली होती. २०२५ च्या आरंभी नवा माल येऊ लागला तेव्हा तीच तूर कित्येक ठिकाणी ७,५५० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली विकली गेली. पुढे २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव ८,००० रुपये ठरला. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली करण्यात आली व नंतर त्या धोरणास वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली, त्यामुळे गावच्या पिकाबरोबर परदेशच्या पिकाचाही परिणाम भावावर होतो. अधिकाऱ्यास हे सारे ठाऊक असते. "भाव पडणार नाही" हे उत्तर त्यामुळे सर्वांत वाईट.

त्याऐवजी आकडा सांगावा. डाळीचा भाव किलोमागे पाच रुपयांनी उतरला तर ७२ किलोंमागे ३६० रुपये जातात. वर्षाची सगळी तूर हंगामातच भरून ठेवली असेल तर २,००० क्विंटलवर ७ लाख २० हजारांचा तोटा होऊन हाती फक्त ८० हजार उरतात. हप्ता थकला म्हणून समजावे. पण पंधरा-पंधरा दिवसांच्या गरजेपुरतीच खरेदी केली असेल, तर भाव उतरला त्या दिवशी तूर व न विकलेली डाळ मिळून ४०० क्विंटलचाच माल हाती असतो. पुढची तूरही सामान्यतः उतरलेल्या भावाने मिळते. तोटा १ लाख ४४ हजारांचा होतो, ६ लाख ५६ हजार उरतात, आणि हप्ता जेमतेम का होईना, पण भरला जातो. इतक्या नेमकेपणाने उत्तर देणारा संचालक अधिकाऱ्यास क्वचितच भेटत असावा. एकाच वर्षी दोनदा असा फटका बसला तर काय, असे त्याने पुढे विचारले, तर राखीव निधीत किती रक्कम आहे ते सांगावे. नसेल तर नाही म्हणावे.

डाळीच्या उताऱ्याचेही तसेच आहे. यंत्र विकणारा जो उतारा सांगतो तो चांगल्या, वाळलेल्या, एकसारख्या दाण्याचा असतो. सभासदांच्या तुरीत वाणांची सरमिसळ असते व ओलावाही कमीजास्त असतो. ७२ ऐवजी ७० किलो डाळ निघाली तर जास्तीचा भुसा-चुनी जमेस धरूनही क्विंटलमागे १८० रुपये कमी येतात. २,००० क्विंटलवर ते ३ लाख ६० हजार होतात. यास्तव आपल्या सभासदांची निदान पाच क्विंटल तूर जवळच्या चालू मिलमध्ये भरडून घ्यावी, डाळ, चुनी व भुसा यांची वजने लिहून ठेवावीत व तो कागद बैठकीस न्यावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळ मिल विकसित केलेली आहे. ती चालविणाऱ्या गटांस भेटून आल्यास अनुभवाचे आकडे मिळू शकतील.

कोणी काय बोलावे

एकट्या अध्यक्षांनी सर्व काळ बोलावे व बाकीच्यांनी माना डोलवाव्या, हे दृश्य बँकेस आश्वासक वाटत नाही. अध्यक्षांना उद्या काही झाले तर कंपनी कोण चालविणार, असा विचार अधिकाऱ्याच्या मनात सहज येतो. चार-पाच जणांनी कामे वाटून घ्यावीत. कंपनी कोणाची, सभासद किती, आजवर काय केले, हे अध्यक्षांनी पाच मिनिटांत सांगावे. तूर कोणत्या गावांतून किती येईल हे खरेदी पाहणाऱ्या संचालकाने सांगावे. डाळ कोण घेणार हे व्यवस्थापकाने, आणि जमाखर्च हिशेबनिसाने. संचालक मंडळात महिला असतील तर त्यांना केवळ स्वागतासाठी उभे करू नये. बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवलेल्या बाईंना परतफेडीचा विषय द्यावा, त्या तो इतरांहून अधिक विश्वासाने मांडतील.

डाळ कोण घेणार, या प्रश्नास विशेष जपावे. लातूर व अकोला येथे मोठमोठ्या मिली असताना तुमच्या लहान मिलची डाळ का घ्यावी, असे विचारले जाईल. "आमची डाळ गावरान आहे" एवढे उत्तर पुरत नाही. तीन दुकानदार, एखादे वसतिगृह, एखादा किराणा व्यापारी यांना नमुना देऊन त्यांनी महिन्यास किती किलो घेण्याची तयारी दर्शविली ते लेखी आणावे. हे कागद लहान वाटले तरी त्यांचे वजन मोठे असते.

स्लाइड आठ-दहांहून अधिक नसाव्यात व एकीवर चार-पाच ओळींपेक्षा जास्त मजकूर नसावा. त्याच मजकुराच्या छापील प्रती बरोबर ठेवाव्यात. वीज गेली म्हणून बैठक थांबता कामा नये. स्लाइडवरील प्रत्येक आकडा कोणत्या वहीतून वा दरपत्रकातून घेतला ते हिशेबनिसास तत्काळ दाखविता आले पाहिजे.

तालीम

बैठकीच्या आठ दिवस अगोदर संपूर्ण मांडणीची एकदा तालीम करावी. येथे ग्रामस्तरीय कार्यकर्त्याचे काम महत्त्वाचे आहे. त्याने कंपनीच्या वतीने बोलण्याचा मोह टाळावा व बँकेच्या अधिकाऱ्याची भूमिका घ्यावी, तीही कठोरपणे. प्रत्येक संचालकास वेगवेगळे बसवून त्याने एकच प्रश्न विचारावा: "पहिल्या वर्षी हप्ता किती?" पाच जणांकडून तीन उत्तरे आली तर तालमीचा उपयोग झाला असे समजावे. गेल्या वर्षीची सभासदांची थकबाकी किती, एखाद्या संचालकाचे स्वतःचे कर्ज थकले आहे काय, सभासदांपैकी किती जण प्रत्यक्ष माल देतात व किती नावापुरते आहेत, हे अडचणीचे प्रश्नही त्यानेच विचारावेत. गावात अशा गोष्टी चारचौघांत बोलण्याचा संकोच असतो. पण बँक त्या शोधून काढतेच, आणि तिने शोधून काढल्यापेक्षा कंपनीने आपण होऊन सांगितलेल्या बऱ्या.

आणखी एक विषय संचालकांनी याच वेळी आपसात मोकळेपणाने बोलावयास हवा. बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागण्याचा संभव असतो. कंपनीने हप्ता चुकविला तर हमी देणाऱ्यास स्वतःच्या मिळकतीतून तो भरावा लागू शकतो. कोण हमी देणार, कोण देणार नाही, आणि घरच्या माणसांना ते ठाऊक आहे काय, हे अगोदर ठरलेले असावे. बैठकीत अधिकाऱ्यासमोर एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येऊ नये. जो हमी देऊ इच्छीत नाही त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. पुष्कळदा योजनेतील कच्चा दुवा त्यालाच दिसलेला असतो.

शासकीय सवलती हिशेबात केव्हा धराव्यात याबद्दल मतभेद असतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीच्या योजनेत दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त सात वर्षे तीन टक्के व्याज सवलत ठेवण्यात आली. वरील उदाहरणात २४ लाखांवर ती पहिल्या वर्षी ७२ हजार रुपये होते व गुणोत्तर सव्वावरून सुमारे १.४ वर जाते. योजनेची मुदत व अटी अर्जाच्या वेळी बँकेत किंवा कृषी कार्यालयात विचारून घ्याव्यात. परंतु मूळ हिशेब सवलतीशिवाय उभा राहतो असे प्रथम दाखवावे व सवलतीसह होणारा हिशेब त्याच्या शेजारी मांडावा, हे अधिक चांगले. सवलतीवाचून जी मिल चालत नाही तिला कर्ज देण्यास अधिकारी कचरतो, आणि ते बरोबरच आहे.

बैठकीच्या दिवशी

संचालक मंडळाचा कर्ज घेण्याविषयीचा ठराव, कंपनीची नियमावली, मागील वर्षांचे तपासलेले ताळेबंद, सभासदांची नोंदवही, यंत्रांची निदान तीन दरपत्रके, जागेचा सातबारा किंवा भाडेपट्टा, अन्न परवान्याचे कागद व वीज जोडणीविषयीचा पत्रव्यवहार एका फाइलीत क्रमाने लावून न्यावा. भाडेपट्ट्याची मुदत कर्जाच्या मुदतीहून कमी असल्यास कर्ज अडते. तो करार अगोदरच दुरुस्त करून घ्यावा.

मांडणी पंधरा मिनिटांत संपवावी व राहिलेला वेळ प्रश्नांसाठी मोकळा ठेवावा. ज्याचा विषय त्यानेच उत्तर द्यावे. दुसऱ्याने मध्येच बोलून ते दुरुस्त करू नये. अगदीच चुकीचा आकडा गेला असेल तर हिशेबनिसाने शेवटी शांतपणे सांगावा. एखादी माहिती जवळ नसल्यास "ती परवापर्यंत लेखी पाठवितो" असे सांगून प्रश्न तेथेच वहीत लिहून घ्यावा. अंदाजाने दिलेला आकडा पुढे कागदपत्रांशी जुळला नाही की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही संशय येतो.

गावी परतल्यावर दोन दिवसांत सर्व राहिलेली उत्तरे पत्राने पाठवावीत व पत्राची प्रत कार्यालयात ठेवावी. मंजुरीपत्र आले म्हणजे ते इंग्रजीत असल्यास कार्यकर्त्याने संचालक मंडळाच्या सभेत मराठीतून समजावून द्यावे. पहिला हप्ता कोणत्या महिन्यापासून सुरू होतो हे विशेष पाहावे. तुरीची नवी आवक जानेवारी ते मार्चमध्ये होते. हप्ता ऑक्टोबरमध्ये सुरू होत असेल तर तो एप्रिलनंतर ठेवण्याची विनंती सही करण्यापूर्वीच करावी लागते.